चौऱ्याऐंशी अंश

डिसेंबरात, पहाटे सहाला,
फुलेवाडीतल्या आमच्या बोळात
गाडी आधी खोकायची,
मग अंगभर थरथरायची, मग एकदम गप्प.
तिसऱ्या चावीला लागली तरी
रेसवरचा पाय काढायची सोय नव्हती.
घोरपडे काकूंच्या खिडकीची सैल काच
माझ्या इंजिनाबरोबर वाजायची
आणि काकू अंथरुणातूनच विचारायच्या,
"निघालीस काय गं वैजू?"

निघणं भाग होतं. लॅबची पेटी शेजारच्या सीटवर,
आणि गावभर माणसं उपाशी बसलेली,
माझ्या सुईची वाट बघत.

प्लग बदलले. बॅटरी नवी घातली, हप्त्यावर.
थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली.
कुणी म्हणालं, पेट्रोलात पाणी. पंप बदलून पाहिला.
मेव्हणे म्हणाले, वय झालं तिचं, विकून टाक.
आणि दर वेळी उद्यमनगरात पोचेपर्यंत
गाडी अशी गुणी, अशी गोड चालायची
की दस्तगीर मुजावर बोनेटवर हात ठेवून
माझ्याकडंच संशयानं बघायचे.

शेवटी तेच म्हणाले,
"ताई, तुम्ही रक्त काढता न्हवं लोकांचं?
चहा-बटर खाऊन आलेल्याची शुगर बघता?"
मी गप्प.
"मग? हिलाबी उपाशीपोटीच बघाय पायजे."

मंगळवारी साडेपाचला आले, स्कूटरवर,
कानटोपी, त्यावरून मफलर, फक्त डोळे ओळखीचे.
पंचगंगेवरचं धुकं वस्तीत शिरलेलं,
कुठल्याशा गुऱ्हाळाच्या काहिलीचा
गोडसर, जरा करपट वास.
टॉर्च माझ्याकडं दिला.
"चावी एकच खटका फिरवा. सुरू करू नका."
हातातल्या यंत्रावर आकडे उमटत गेले.
बोळात अकरा अंश.
आणि इंजिनातला सेन्सर सांगत होता,
चौऱ्याऐंशी.

"बघा," ते मफलरातून हसले,
"ही रात्रभर गारठलीया,
आणि ह्यो आत बसून कळवतोय,
मशीन तापलंय, पेट्रोल बेतानं सोडा.
त्याचं ऐकून कॉम्प्युटर हात आखडता घेतोय.
त्या बिचाऱ्याला काय ठावं!"
ओला फडका लावला, फुंकर घातली,
चौऱ्याऐंशीचे त्र्याऐंशी होईनात.

तेवढ्यात बाबा बाहेर आले, नुसत्या बनियनवर.
एकतीस वर्षं फाउंड्रीत, भट्टीसमोर,
लोखंडाचा रस रंगावरून जोखणारे.
"दादा, स्वेटर घाला की," दस्तगीरभाई म्हणाले.
"थंडी कुठाय?"
दंडावर काटा उभा होता,
टॉर्चच्या उजेडात एकेक केस दिसत होता.
मी टॉर्च खाली घेतला.

अंगठ्याएवढं पितळ. तीनशे ऐंशी रुपये.
नवा त्यांनी खिशातूनच आणला होता,
"अंदाज होता," एवढंच बोलले.
जुना काढताना हिरवं, बर्फागत पाणी
त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं,
तेव्हा तोंडातून जे निघालं ते लिहीत नाही.

चावी फिरवली.
एकच हुंकार, आणि मग आवाज
जरा चढा लागला, थांबला, विचार केल्यासारखा
आपापला खाली उतरत गेला.
काच वाजली नाही.
"वैजू," काकू आतून, "आज गाडी न्हाई व्हय नेत?"

जुना सेन्सर बाबांनी मागून घेतला.
तळहातावर तोलला, चष्मा कपाळावर सरकवला.
"ओतीव न्हाई, टर्निंगचं काम हाय. माल चांगलाय.
काय झालं ह्याला?"
मी सांगितलं. अकरा, चौऱ्याऐंशी, सगळं.
बराच वेळ बोटांत फिरवत राहिले,
मग खिडकीत ठेवून दिला, नेलकटरशेजारी.

स्वेटर अजून खुंटीवरच आहे.
गाडी आता पहिल्या चावीला लागते,
तरी माझा पाय रेसवर तयारीतच असतो,
श्वास धरलेला.
पहिलं घर रंकाळ्याच्या कडेला.
दारातच खुर्ची टाकून एक आजोबा,
उपाशी, बाही वर करून बसलेले.